जिनिंगच्या सॉफ्टवेअरचा फ्रंटएंड फोडायचा का? आणि फोडायचा तर कुठून?

काटेवाला | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. घाटंजीकडच्या एका गावातून काम करतो. आमची छोटी कंपनी जिनिंगवाल्यांसाठी आणि काही शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते. कापसाची गाडी गेटातून आत आली की चुकारा (कापसाचे पैसे) खात्यात जमा होईपर्यंतचं सगळं त्यात आहे: गेट एन्ट्री, काटा, लॅबमधला ओलावा, बिल, चुकारा, रुई-सरकीचा साठा, गठाणी, रिपोर्ट. शेतकरी मोबाइलवर पावती पाहतो ते पानसुद्धा त्यातच. सगळं मिळून एक रिअ‍ॅक्ट अ‍ॅप, एक रेपो (कोडचं कोठार), एक बिल्ड (कोड बांधून चढवायला तयार केलेला संच). आम्ही पाच जण आहोत. दोघं इकडे, दोघं नागपूरला, एक पुण्यात.

त्रास असा की रिपोर्टमधला एक रकाना बदलला तरी काट्यासकट सगळं नव्यानं चढवावं लागतं. दिवाळीनंतर कापसाची आवक वाढली की रिलीज करायला कोणी धजत नाही. या हंगामात तेच झालं. रिपोर्टच्या कामात यादी लावणाऱ्या एका सामाईक फंक्शनमध्ये टूसॉर्टेड ही जावास्क्रिप्टची नवी मेथड आली. आमच्या मशीनवर सगळं हिरवं. पण बऱ्याच काट्यांवर विंडोज ७ आहे, आणि विंडोज ७ वर क्रोम १०९ च्या पुढे जातच नाही. टूसॉर्टेड आलं क्रोम ११० मध्ये. गाड्यांची यादी तेच फंक्शन वापरते, त्यामुळे काट्याचं पान पांढरंफट्ट. बाहेर गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत.

आता वरून हुकूम आलाय की याची सहा वेगळी मॉड्यूल करा, मायक्रो फ्रंटएंड करा (म्हणजे ब्राउझरमधल्या भागाचे स्वतंत्र चढवता येणारे तुकडे), आणि ते जोडायला वेबपॅक या बिल्डच्या साधनाचं मॉड्यूल फेडरेशन लावा. म्हणजे एकाची चूक दुसऱ्याला भोवणार नाही. जाणकारांनी सांगावं.

वर्धेकर | रविवार, रात्री १०:१५

पाच माणसं आणि सहा तुकडे? एका तुकड्याला पूर्ण माणूसही येत नाही.

मायक्रो फ्रंटएंड हा शब्द २०१६ च्या अखेरीस थॉटवर्क्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या टेक्नॉलॉजी रडार या अहवालातून सगळीकडे पसरला. पान तुकड्यांनी जोडायची कल्पना त्याच्याही आधीची आहे. एज साइड इन्क्लूड्सचं (सर्व्हरच्या बाजूला पानाचे तुकडे जोडायच्या पद्धतीचं) टिपण २००१ मध्येच डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेकडे गेलं होतं, आणि आयफ्रेम (पानात दुसरं पान) तर आपण सगळ्यांनीच वापरलेत. २०१६ नंतर जोर चढला तो मोठ्या कंपन्यांमुळे. तिथे एकाच पानावर आठ-दहा टीम काम करतात आणि रिलीजसाठी एकमेकींची वाट पाहत बसतात. मेल्विन कॉन्वे या संगणकतज्ज्ञानं १९६८ मध्ये मांडलं होतं की संस्थेत माणसं एकमेकांशी जशी बोलतात, तिच्या सॉफ्टवेअरची रचनाही तशीच होते. तुमच्याकडे पाचही जण एकाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असणार. सहा तुकडे केले तर सहाही तुकड्यांचे रिलीज तेच पाच जण सांभाळतील.

आधी हे सांगा: कोणाला कोणासाठी थांबावं लागतं?

पुणेरी बंडल | रविवार, रात्री ११:०२

मी मूळचा दारव्ह्याचा, आता पुण्यात आहे. वर्धेकरांचं म्हणणं मान्य, पण अर्धंच. मी एका मोठ्या वित्तीय उत्पादनावर काम करतो. आमच्याकडे फेडरेशन बरीच वर्षं चालू आहे आणि ते काढा असं कोणी म्हणत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वेबपॅक ५ ऑक्टोबर २०२० मध्ये आलं, फेडरेशन त्यातच होतं. एक अ‍ॅप शेल म्हणजे बाहेरची चौकट असतं, त्यात येऊन बसणारी बाकीची रिमोट. प्रत्येक रिमोट आपली बिल्ड स्वतंत्र करतं आणि रिमोट एंट्री नावाची एक छोटी फाइल मागे ठेवतं. ब्राउझरमध्ये शेल ती फाइल ओढतं, त्यावरून कोणता चंक (कोडची फाइल) कुठे आहे ते कळतं, आणि कोड त्या क्षणी येतो. रिअ‍ॅक्टसारख्या लायब्ररी 'शेअर्ड' म्हणून जाहीर करायच्या, सिंगलटन लावायचं, म्हणजे पानात एकच प्रत राहते.

फायदा खरा आहे. कर्जाच्या टीमनं दुपारी रिलीज केलं तर खात्यांच्या टीमला कळतही नाही. चूक निघाली तर तेवढंच रिमोट मागे घ्यायचं. काटेवाले भाऊंना हंगामात नेमकं हेच हवंय ना?

नवशिक्या पुसद | सोमवार, सकाळी ७:३०

एक बाळबोध शंका. रिअ‍ॅक्ट सार्वजनिक सीडीएनवरून (सगळ्यांसाठी फाइली ठेवणाऱ्या सर्व्हरवरून) घेतलं तर? दुसऱ्या साइटमुळे ते आधीच लोकांच्या कॅशेत असेल, मग तुकडे कितीही करा, ओझं पडणार नाही.

पऱ्हाटी | सोमवार, सकाळी ८:०५

@नवशिक्या, आता तसं होत नाही. क्रोमनं २०२० मध्ये कॅशेची साइटवार वाटणी केली, सफारीनं त्याच्याही आधी, फायरफॉक्सनं २०२१ मध्ये. एका साइटनं आणलेली फाइल दुसऱ्या साइटला कॅशेतून मिळत नाही. वर आणखी एका डोमेनशी जोडणी करायचा वेळ जातो तो वेगळाच. आपल्याच सर्व्हरवर ठेव.

बोंडअळी | सोमवार, सकाळी ९:२०

सिंगलटन लावलं की झालं, असं समजू नका बाप्पा. मागच्या नोकरीत आमच्या एका रिमोटच्या कॉन्फिगमधून ते सुटलं होतं. पानात दोन रिअ‍ॅक्ट आले, आन् रिअ‍ॅक्टची 'इनव्हॅलिड हुक कॉल' ही एरर सुरू. लोकल मशीनवर काही दिसे ना, कारण एकटं रिमोट चालवलं की रिअ‍ॅक्ट एकच राहते. शेलमध्ये जोडलं की बोंब.

आन् सिंगलटन बरोबर असलं तरी वेगळी भानगड आहे. दोन भावांनी वावर वाटून घेतलं, पण विहीर सामाईक ठेवली, तसं हे काम आहे. मोटर कोण बदलवते, खर्च कोण देते, सगळं दोघाईनं बसूनच ठरवा लागते. रिअ‍ॅक्टची आवृत्ती वाढवाची म्हटलं की सगळ्या टीमले एका खोलीत बसा लागते. म्हणजे स्वतंत्र रिलीज फक्त आपल्या कोडपुरतं.

सगळ्यात बेकार म्हणजे करार. शेलनं रिमोटले 'गाडी-क्रमांक' नावाचा प्रॉप (आत पाठवायची माहिती) दिला. रिमोटवाल्यानं तो 'वाहन-क्रमांक' केला. त्याची बिल्ड हिरवी, शेलची पण हिरवी. फुटते कुठं? वापरणाऱ्याच्या ब्राउझरात. एका बिल्डमध्ये असते तर टाइपस्क्रिप्टनं, म्हंजे बिल्डच्या वेळीच असे मेळ तपासणाऱ्या भाषेनं, तिथंच कान पकडला असता. आता टाइप आपोआप ओढून आणायची सोय झाली आहे, पण ती लावा लागते, पाळा लागते.

सीएसएसचं, म्हंजे पानाच्या सजावटीचं, तर बोलूच नका. एकानं टेबलच्या टॅगलेच पॅडिंग दिलं, दुसऱ्याची पूर्ण पावती हलली.

वर्धेकर | सोमवार, सकाळी १०:१०

काटेवाले, तुमच्या मूळ घटनेकडे परत येऊ, कारण तिचं निदान चुकतंय असं मला वाटतं.

यादी लावणारं ते फंक्शन सामाईक होतं. उद्या सहा तुकडे केले आणि सामाईक कोड फेडरेशननं वाटला, तर रिपोर्टवाल्यानं बदल चढवताच काटासुद्धा तोच नवा कोड ओढेल. पान तेव्हाही पांढरं होईल, आणि तेही काट्याचं काहीच रिलीज केलेलं नसताना. मग शोधत बसा.

तेच फंक्शन पॅकेज म्हणून बिल्डच्या वेळी आत घेतलं आणि काट्याची बिल्ड वेगळी असली, तर काट्याकडे जुनीच प्रत राहते. तुम्ही काट्याची नवी बिल्ड करून चढवेपर्यंत तिला कोणी हात लावू शकत नाही. तेव्हा किती तुकडे करायचे हे नंतर पाहू. आधी ठरवा की सामाईक कोड जोडायचा बिल्डच्या वेळी की ब्राउझरमध्ये. तुम्हाला ब्राउझरमध्ये जोडायची गरज आहे असं अजून तरी मला दिसलेलं नाही.

आणि तुकडे न करताही तीन गोष्टी आजच्या आज होतील.

टाइपस्क्रिप्टच्या कॉन्फिगमध्ये लिब ईएस२०२२ ठेवा, म्हणजे जावास्क्रिप्टच्या २०२२ च्या आवृत्तीपर्यंतच्याच मेथड चालतील. टूसॉर्टेड ईएस२०२३ मधलं आहे, कंपायलर लगेच ओरडेल. बिल्डची साधनं नवं सिंटॅक्स जुन्यात बदलून देतात, पण ब्राउझरात नसलेल्या मेथडचा पॉलिफिल (तिची उणीव भरून काढणारा कोड) स्वतःहून घालत नाहीत. तुमच्याकडे सगळं हिरवं दिसलं ते म्हणूनच.

दुसरं, एरर बाउंडरी, म्हणजे चूक पानाच्या एका भागातच अडवणारं कुंपण. रिअ‍ॅक्ट १६ पासून रेंडर होताना फुटलेली चूक कुठेच पकडली नाही तर पानाच्या घटकांचं संपूर्ण झाड उतरवलं जातं. पांढरं पान म्हणजे तेच. गाड्यांच्या यादीभोवती बाउंडरी असती तर यादी गेली असती, पण वजनाचा आकडा आणि सेव्हचं बटण शाबूत राहिलं असतं.

तिसरं, टीममधल्या एकाकडे तरी क्रोम १०९ असलेलं मशीन हवंच.

नवशिक्या पुसद | सोमवार, सकाळी १०:२५

वाखुसा (वाचनखूण साठवली). हे कॉलेजात कोणी सांगत नाही.

काटेवाला | सोमवार, दुपारी १:१५

वर्धेकर काका, लिबचं आत्ताच करून पाहिलं. टूसॉर्टेड तर पकडलंच, त्याच जातीच्या आणखी दोन जागा निघाल्या. आभार.

तुमच्या कालच्या प्रश्नाचं उत्तर: आम्ही एकमेकांसाठी थांबत नाही, काट्यासाठी थांबतो. कोणाचं काहीही तयार असो, 'काटा चालू आहे, आता नको' हे ठरलेलं. काटा रात्री उशिरापर्यंत चालतो.

पऱ्हाटी | सोमवार, दुपारी ३:४०

मी कोड थोडाच लिहिते. माझं काम जिनिंगमध्ये जाऊन सॉफ्टवेअर बसवून देणं आणि लोकांना शिकवणं. त्यामुळे माझं बोलणं जरा उलट्या बाजूनं येईल.

दादा, तुमच्या यादीतली सहा मॉड्यूल तुमच्या मेनूतली आहेत. वापरणाऱ्याकडे तसं काही नसतं. काट्यावरचा माणूस हंगामभर एकच पान उघडून बसतो. तो रिपोर्टमध्ये जात नाही, त्याला परवानगीच नसते. ऑफिसातली मुलं लॅब, बिल, चुकारा, साठा अशी दिवसभर इकडून तिकडे फिरतात, त्यांना प्रत्येक वेळी पान नव्यानं उघडलं तर राग येईल. आणि शेतकरी वावरातून, नाहीतर यार्डात उभ्या ट्रॅक्टरवरून, मोबाइलवर एकच गोष्ट पाहतो: वजन किती लागलं आणि चुकारा कधी. ही माणसं एकमेकांच्या पानावर कधी जातच नाहीत. मग त्यांना एका शेलमध्ये का बांधायचं?

फेडरेशनचा हिशोब त्या शेतकऱ्याच्या फोनवर करून बघा. आधी एचटीएमएल, मग शेलचा कोड, मग रिमोट एंट्री, मग चंक, मग एपीआय. मागचं आल्याशिवाय पुढचं मागताच येत नाही. पुण्याच्या फायबरवर हे कळतही नाही. आमच्याकडे दुपारी यार्डात हजार लोक एका टॉवरवर असतात, तिथे प्रत्येक पायरीला वाट पाहावी लागते. प्रीलोडनं थोडं सावरतं, पण पावती दाखवायला एवढा खटाटोप कशाला? ते पान सर्व्हरवरून सरळ तयार एचटीएमएल द्या. रिअ‍ॅक्ट आणि रिअ‍ॅक्ट-डॉम दाबूनही ४० केबीच्या वर जातात, पूर्ण पावती तेवढ्याच्या कितीतरी आत बसते.

बोंडअळी | सोमवार, दुपारी ४:००

+१. ताईनं मुद्द्यावर बोट ठेवलं.

अवांतर: २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याले हमीभाव क्विंटलले ८,११० रुपये जाहीर झाला होता, पण ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की कटाई (भावात कपात) अन् बाराच्या वर गेला की गाडी वापस. सॉफ्टवेअर कितीबी फोडा, लॅबवाल्याची ओलावा मोजाची काडी पोत्यात कुठं घुसते त्यावरच सगळं.

काटेवाला | सोमवार, रात्री ८:५०

बोंडअळी भाऊ, तुमचं अवांतर कामाचं निघालं.

मी गिटचा (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनाचा) इतिहास काढला: एकाच कमिटमध्ये, म्हणजे बदलांच्या एका नोंदीत, कोणते फोल्डर एकत्र बदलतात ते मोजायची छोटी स्क्रिप्ट लिहिली. लॅब आणि बिल जवळजवळ नेहमी जोडीनं बदलतात. साहजिक आहे, ओलाव्याचा नियम बदलला की कटाईचा हिशोब बदलतो, तो बिलात उतरतो, आणि बिल बदललं की चुकाऱ्याचं पान. वरच्यांच्या आराखड्यात हे तिन्ही वेगवेगळे रिमोट आहेत! म्हणजे ओलाव्याचा एक नियम बदलायला तीन रिलीज, तेही ठरावीक क्रमानं.

काट्याचा फोल्डर मात्र एकटाच. क्वचित बदलतो, आणि बदलतो तेव्हा दुसरं कोणी सोबत नसतं.

पुणेरी बंडल | सोमवार, रात्री १०:३०

ही स्क्रिप्टची कल्पना झकास आहे. आमच्याकडे सीमा ठरवताना कोणी असं केलं नव्हतं. खात्यांच्या आणि व्यवहारांच्या टीमची सीमा चुकीच्या जागी पडली, ती अजून छळते.

तरी एक बाजू मांडतो. अ‍ॅप वेगवेगळी झाली की वरची पट्टी, बटणं, रंग, तारीख लिहायची पद्धत हळूहळू वेगळी पडत जाते. दोन वर्षांनी काट्याचं पान दुसऱ्याच कंपनीचं वाटतं. फेडरेशनमध्ये निदान शेल एकच असतं. आणि उद्या टीम वीस जणांची झाली तर?

वर्धेकर | सोमवार, रात्री ११:१०

वीस झाली की तेव्हा फोडा. आत सीमा नीट आखलेली असेल तर नंतर कापणं अवघड जात नाही. सीमा नसेल तर फेडरेशन लावूनही एकमेकांत गुंतलेलंच राहतं, फक्त आता नेटवर्कवरून.

दिसण्याचं म्हणाल तर मोनोरेपो करा. रेपो एकच, आत तीन अ‍ॅप (काटा, ऑफिस, पावती) आणि एक सामाईक पॅकेज: बटणं, तारखा, रुपयांचं स्वरूप. लिंटचा (कोड तपासणाऱ्या साधनाचा) नियम घाला की काट्याचं फोल्डर ऑफिसच्या फोल्डरमधून काहीही आणणार नाही, जे सामाईक आहे ते पॅकेजमधूनच. बटणाचा रंग बदलला तर ऑफिस आज चढेल, काटा हंगाम उतरल्यावर. काट्यावर चार महिने जुना हिरवा रंग दिसला तर कोणाचंही नुकसान नाही.

आणि जोडायला फेडरेशन लागत नाही, एनजिनएक्स हा वेब सर्व्हर पुरेसा आहे. डोमेन एकच, काट्याच्या पत्त्याला एक बिल्ड, ऑफिसच्या पत्त्याला दुसरी, पावतीचा पत्ता सर्व्हरकडे.

नवशिक्या पुसद | मंगळवार, सकाळी ७:१०

मग लॉगिन तीनदा करावं लागेल का?

वर्धेकर | मंगळवार, सकाळी ७:४५

नाही. डोमेन एकच असल्यानं कुकी तिन्हीकडे जाते. उलट सावध राहावं लागतं. लोकल स्टोरेजही (ब्राउझरमधला साठा) सामाईक असतं, दोन्ही अ‍ॅपनी 'सेटिंग' नावाखाली वेगवेगळं काही ठेवलं तर एकमेकांचं पुसतील. नावापुढे अ‍ॅपचं नाव लावा. सर्व्हिस वर्करचंही (पानामागे चालणाऱ्या, नेट नसतानाही पान देऊ शकणाऱ्या स्क्रिप्टचंही) तसंच. तो मुळाच्या पत्त्यावर नोंदवला तर तिन्ही अ‍ॅपवर बसतो. काट्याला नेट गेल्यावर चालण्यासाठी तो हवाच असेल, तर त्याची हद्द काट्याच्या पत्त्यापुरतीच ठेवा.

बोंडअळी | मंगळवार, सकाळी ९:३०

काटेवाले भाऊ, एक विचारायचं राहिलं. काट्याचं वजन पानात येते कसं? की माणूस आकडा पाहून टाइप करते?

काटेवाला | मंगळवार, सकाळी ११:००

आधी टाइपच करायचे, त्यात गंमतजंमत चालायची. आता इंडिकेटरच्या (वजन दाखवणाऱ्या डब्याच्या) सिरियल पोर्टवरून सरळ घेतो, ब्राउझरच्या वेब सिरियल या सोयीनं. क्रोम ८९ पासून आहे, म्हणून १०९ वर चालतं. एचटीटीपीएस मात्र हवं.

वरच्यांशी सकाळी बोललो. सहा रिमोट नको, तीन भाग करू असं मांडलं: काटा एकटा, ऑफिस सगळं एकत्र, पावती सर्व्हरवरून. त्यांचा पहिला प्रश्न, 'मग याला मायक्रो फ्रंटएंड म्हणता येईल का? ग्राहकाला सांगायचं होतं.' म्हटलं, खुशाल म्हणा. गिटचा तो तक्ता दाखवल्यावर पुढची चर्चा लवकर आटोपली. काट्यापासून सुरुवात करतोय, पावती त्यानंतर.

आता शेवटची अडचण. काट्यावरची टॅब आठवडाभर उघडीच असते. आम्ही नवी बिल्ड चढवली की जुन्या टॅबला मध्येच एखादं पान उघडताना चंक सापडत नाही आणि एरर येते. ते कसं टाळता?

पुणेरी बंडल | मंगळवार, दुपारी १२:२०

हे आम्हीही भोगलंय. जुन्या टॅबला जुन्या हॅशच्या (मजकुरावरून बनणाऱ्या खुणेच्या) नावाची फाइल हवी असते आणि तुमची बिल्ड चढताना जुनं फोल्डर पुसून टाकते. पुसू नका. मागच्या काही बिल्डच्या फाइली सर्व्हरवर तशाच राहू द्या, हॅशमुळे नावं एकमेकांवर पडत नाहीत. हॅशवाल्या फाइलींना वर्षभराचा कॅशे आणि इम्युटेबल (कधीच बदलणार नाही), इंडेक्सच्या एचटीएमएलला नो-कॅशे (दर वेळी सर्व्हरला विचार). उलटं झालं तर मात्र डोक्याला ताप.

वर एक लहान आवृत्ती-फाइल ठेवा. काटा ती अधूनमधून तपासेल, आणि नवी दिसली की लगेच रिफ्रेश न करता गाडी उतरून काटा शून्यावर येईपर्यंत थांबेल. एका गाडीचं भरलेलं वजन झालंय आणि रिकामं बाकी आहे, ही अर्धवट नोंद मात्र सर्व्हरवर असू द्या, टॅबच्या स्मृतीत नको.

काटेवाला | मंगळवार, दुपारी १२:५०

ती सर्व्हरवरच आहे. पण रिफ्रेश झाल्यावर पोर्ट सुटेल ना? काट्यावरच्या माणसाला परत पोर्ट निवडायला लावलं तर तो मला फोन करणार, आणि तोही जेवणाच्या वेळी.

पुणेरी बंडल | मंगळवार, दुपारी १:०५

निवडावा लागणार नाही. परवानगी एकदा दिली की ती त्या साइटसाठी राहते. पान उघडताच वेब सिरियलच्या गेटपोर्ट्स या मेथडनं आधीचा पोर्ट मागा आणि स्वतःच ओपन करा. पोर्ट निवडायची खिडकी दाखवण्यासाठी क्लिक लागतो, हे उघडण्यासाठी लागत नाही.

बोंडअळी | मंगळवार, दुपारी १:३०

फक्त बॉड रेट (सिरियल पोर्टचा वेग) कोडमध्ये पक्का लिहू नका. काही इंडिकेटर २४०० वर बोलते, काही ९६०० वर. प्रत्येक जिनिंगच्या सेटिंगमध्ये ठेवा, नाहीतर आकड्याच्या जागी चिनी अक्षरं दिसतीन अन् लोक म्हणतीन नवीन रिलीजनं काटा बिघडवला.